'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'च्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ह्या जुन्या प्रवासी बोटीच्या फोटोंच्या माझ्या पोस्टवर नाव टाकायला विसरलात, पण "गुलामीच्या आठवणी किती कुरवाळणार, ही साहेबाची चाटूगिरी पुरे" हे मात्र ठासून लिहिलंत. मत पटलं नाही तर सांगा, हक्क आहे तुमचा. पण चाटूगिरी? ओळख ना देख, आणि सरळ चाटूगिरी? दोन दिवस राग गिळत होतो म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुमचं एक बरोबर आहे, ते आधी सांगतो. चौथा फोटो चुकला होता. पांढऱ्या अंगाची, तीन धुराड्यांची ती 'स्ट्रॅथनेव्हर' ही दुसरीच बोट, आपली 'व्हाइसरॉय' काळी आणि दोन धुराड्यांची. कॅप्शन बदललं, आभार.

आता गुलामी. पी अँड ओ ह्या ब्रिटिश जहाज कंपनीने १९२९ मध्ये ही बोट लंडन-मुंबई फेऱ्यांना आणली. टर्बाइनवर वीज तयार करायची आणि विजेच्या मोटरींनी बोट ढकलणारे पाण्यातले पंखे फिरवायचे असली यंत्रणा, त्यामुळे हादरे कमी, आणि पोहायचा तलाव चक्क बोटीच्या पोटात. हे लिहिलं की मी साहेबाचा माणूस झालो? ऑक्टोबर १९३० मध्ये बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेला मुंबईहून निघाले ते ह्याच बोटीने. ती आठवणही गुलामीची म्हणून टाकून द्यायची का? सांगा ना.

आणि बोट चालवत कोण होतं? डेकवर आपले कोकणातले खलाशी, सलूनमध्ये, म्हणजे पॅसेंजरांच्या जेवणखाणाला, गोवेकर. माझे आजोबा दाभोळचे, ह्याच कंपनीच्या बोटींवर खलाशी म्हणून लागले आणि टिंडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन घरी आले. त्यांची नली, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, माझ्याकडे आहे, आत्याने ती बिस्किटांच्या डब्यात जपली म्हणून वाचली, कडांना कसर लागलीय, पण पानापानावर बोटीचं नाव आणि 'व्हेरी गुड'चा शिक्का दिसतो, आणि सहीच्या जागी आजोबांचा अंगठा, त्याच्या रेषा अजून मोजता येतात. त्यामुळे "खलाशांवर एक ओळ नाही" हे कृपा करून मला ऐकवू नका. त्या अंगठ्याच्या कमाईवर माझे वडील शिकलेत.

कॅमेरे पॅसेंजरांकडे होते आणि कंपनीकडे, म्हणून फोटो दिवाणखान्यांचे निघाले, त्याला मी काय करू? तरी सातवा फोटो मोठा करून बघा. खुर्च्यांवर हॅटवाल्या बायका आहेत, त्यांच्या मागे डावीकडे एक माणूस अनवाणी, वाकून कठडा पुसतोय, चेहरा कापला गेलाय, फक्त पाठ आणि हात. मी तो फोटो त्या हातासाठी टाकला होता. एवढं लांबलचक लिहायला वेळ होता तुम्हाला, तर तेवढंही बघायचं होतंत.

वॉटरमार्क, फोटोंची साइझ, जाहिराती वगैरे तुमच्या बाकीच्या तक्रारींचं माझं मी बघेन. वॉटरमार्क राहणारच, आधी एकाने माझे स्कॅन उचलून स्वतःच्या नावावर खपवलेत.

आणि "भंगारात गेलेली बोट" म्हणालात. भंगारात नाही गेली. ११ नोव्हेंबर १९४२ ला सैन्य उतरवून परत निघालेली असताना अल्जीरियाच्या ओरानजवळ जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, चार माणसं गेली आणि बोट तळाला. आता तिचं जे काय उरलंय ते असल्या कागदांवर. नलीची पानं रविवारी स्कॅन करून टाकतोय. तुमच्या घरात कोणी बोटीवर असेल तर डबे उघडून बघा आणि फोटो पाठवा, ह्यावेळी नावानिशी.