गाडी रोज पुसून घेऊ नका

रविवारी सकाळी मी दोन बादल्या घेऊन पार्किंगमध्ये उतरले की समोरच्या विंगमधले काका हमखास विचारतात, "काय, आज मिस्टर नाहीत का घरी?" मिस्टर वर झोपलेले असतात. गाडी माझी, हप्ते माझ्या पगारातून गेलेत आणि ती धुवायला मला आवडतं. मग पुढचं वाक्यही ठरलेलं: "अहो, सहाशे रुपयांत पोरगा रोज पुसून देतो की!"

त्या 'रोज'वरच तर माझा राग आहे.

आमच्याकडेही गाडी पुसायला एक मुलगा यायचा. पाच ते आठमध्ये त्याला तीसेक गाड्या उरकायच्या असायच्या. एक बादली, एक फडकं. चौथ्या गाडीपर्यंत बादलीत चहा. पुण्यात कुठे ना कुठे खोदकाम, बांधकाम चालूच असतं, त्यामुळे गाडीवर बसते ती नुसती धूळ नसते, तिच्यात बारीक रेती असते. त्यावर ओलं फडकं फिरवलं की झालाच पॉलिश पेपर. रंगावरचा तो पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा एखादा केससुद्धा त्याहून जाड निघेल. त्यावर वर्षातून तीनशे वेळा पॉलिश पेपर! माझी गाडी काळी. दोन वर्षांनी एका रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं. हाताने झटकायला गेले, तर जाळं रंगातच होतं.

त्या मुलाचा यात काही दोष नाही. महिन्याला सहाशे म्हणजे गाडीमागे दिवसाला वीस रुपये. तेवढ्यात स्वच्छ पाणी, स्वच्छ कापड आणि अर्धा तास कुठून आणणार तो? मी त्याला म्हटलं, रोज नको, आठवड्यातून दोनदा फक्त काचा आणि आरसे पूस, पैसे तेच देईन. तर म्हणाला, "ताई, लोकांना वाटेल मी कामचुकारपणा करतो." गाडी पुसलेली दिसली पाहिजे ना! ओल्या फडक्याचे फराटे दिसले की मालक खूश.

मीही कमी घोळ घातलेले नाहीत. कबुतराची वाळलेली शीट काढायला एकदा भांड्यांची हिरवी घासणी घेतली. शीट गेली, सोबत चमकही गेली. तो पांढुरका डाग आजही ड्रायव्हरच्या दारावर आहे. आता ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवते आणि मऊ पडली की अलगद उचलते. भांड्यांचं लिक्विडही वापरून झालं. आठवड्यापूर्वी तासभर खपून चढवलेलं मेण त्याने उतरवलं; त्याचं कामच मुळी तेलकट-चिकट काढायचं. आणि एकदा मे महिन्यात भर दुपारी, बोअरच्या पाण्याने धुतली. पुसायच्या आत पाणी वाळलं आणि गाडीभर पांढरे ठिपके. गिझरच्या कॉइलवर बसतात तेच क्षार.

"पाईप का नाही लावत?" हाही एक प्रश्न. मी लातूरची आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आई तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा दोनदा वापरायची. त्यामुळे पाईप तसाच सोडून कुणी फोनवर बोलत उभं राहिलं की माझ्या पोटात कालवतं. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लावला. आपल्याकडे खडकवासला भरून वाहू लागलं की आपण राजे.

माझं सगळं तीसेक लिटरमध्ये होतं. आधी मगाने वरून पाणी सोडून रेती खाली जाऊ द्यायची, फडकं त्यानंतर. टपापासून खाली यायचं. एका बादलीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं दरवेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत. चाकांचं फडकं वेगळं. आणि जमिनीवर पडलेलं फडकं गाडीला परत लावायचं नाही, कितीही झटकलं तरी.

खरी मजा कानाकोपऱ्यात आहे. गेल्या जुलैत शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचायला लागलं. वायपरखालच्या जाळीत बोट घातलं, तर गुलमोहराच्या पानांचा चांगला मूठभर लगदा निघाला. पाणी बाहेर जायची वाटच बुजली होती. तेव्हापासून तिथे दर रविवारी हात जातो. दारांच्या खालच्या कडेलाही बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी जायला. ती मातीने बुजतात आणि दार आतून गंजत जातं. विझलेल्या अगरबत्तीची काडी घालून हळूच फिरवली, तर काळं पाणी भळाभळा चपलेवर. कुणी रोज पुसतंय म्हणून त्या भोकांकडे मी दोन वर्षं पाहिलंही नव्हतं.

हे चालू असताना काका तिथेच उभे होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "आमच्याही गाडीत पावसाळ्यात कुबट वास येतो हो."

म्हटलं, काडी देते, बादली तुमची आणा.