हिस्टामिन ल्युकेमिया वाढवते का? एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ‘हिस्टामिन (ॲलर्जीत शरीरात सुटणारे रसायन) ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींना वाढायला मदत करते’ असे मी लिहिले होते. हेच हिस्टामिन युरोपात ल्युकेमियावरचे औषध म्हणून मंजूर असताना हे विधान टिकते कसे, असे आपण विचारले आहे. आक्षेप रास्त आहे. माझे वाक्य सरसकट होते, ते मी मागे घेतो. मात्र ‘म्हणजे हिस्टामिन या पेशी मारते’ हा आपला निष्कर्षही मला पटत नाही.

२००८ची ती मंजुरी तीव्र मायलॉइड ल्युकेमिया (मायलॉइड या प्रकारच्या रक्तपेशींचा, झपाट्याने वाढणारा कर्करोग) पहिल्यांदा आटोक्यात आलेल्या प्रौढ रुग्णांसाठी आहे, आणि तीही इंटरल्युकिन-२ या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रथिनाच्या जोडीने. मायलॉइड पेशींमधले एक विकर ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार करते आणि त्यांच्या माऱ्याने शरीराच्या नैसर्गिक मारक पेशी निकामी होतात. हिस्टामिन एच-२ रिसेप्टरमार्फत (पेशीवरचा, हिस्टामिनचा संदेश घेणारा ग्राहक रेणू) या विकराला आवर घालते, त्यामुळे इंटरल्युकिनने चेतवलेल्या मारक पेशी लढायला शिल्लक राहतात. म्हणजे मारणारे हात दुसऱ्याचेच. (सिमेटिडिनसारखी एच-२ रोखणारी आम्लपित्ताची औषधे या उपचारासोबत वर्ज्य आहेत, त्यामागेही हेच कारण.) ३२० रुग्णांच्या चाचणीत ल्युकेमियामुक्त काळ वाढला, पण एकूण जगण्याच्या कालावधीत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक दिसला नाही.

पेशींवरच्या थेट परिणामाचे चित्र तर आणखी गुंतागुंतीचे आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या यू-९३७ या मायलॉइड कर्कपेशींना हिस्टामिन दिले की त्यांच्यातले सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत संदेश पोचवणारा रेणू) झपाट्याने वाढते. ते टिकून राहिले असते, तर पेशी परिपक्वतेकडे वळल्या असत्या. पण एच-२ रिसेप्टर काही मिनिटांतच बधिर होतो, संदेश विरतो आणि पेशी पूर्ववत विभागत राहतात. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात रक्तातले हिस्टामिन वाढते हे खरे, पण ते संख्येने वाढलेल्या बेसोफिल या पांढऱ्या रक्तपेशींमधून येते. त्या आजाराला चालना देणारे जनुक बीसीआर-एबीएल आहे. परिणामालाच कारण समजण्याची चूक माझ्याकडून इथेच झाली.

ॲलर्जीच्या गोळ्यांचा ल्युकेमियाच्या पेशींवर होणारा परिणाम आपण शेवटी मांडला आहे, त्याबाबत एवढेच सांगतो : काही अँटिहिस्टामिन औषधे (हिस्टामिनला रोखणाऱ्या याच गोळ्या) प्रयोगशाळेत ल्युकेमियाच्या पेशी मारतात, पण ती पेशींतल्या लायसोसोमची (पाचक विकरांच्या पिशव्यांची) आवरणे फोडून. हिस्टामिनचा रिसेप्टर अडवण्याशी त्याचा संबंध नसल्याने तो पुरावा माझ्या बाजूनेही धरता येत नाही आणि आपल्याही नाही.