‘पोलिसांपुढे सामान्य माणसाच्या हाती काहीच नसते’ या दाव्याचा प्रतिवाद

पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठाणे अंमलदार ठरवतो, वाद घातला किंवा मोबाइलवर चित्रण केले तर ‘सरकारी कामात अडथळा’ लागतो, सरकारच्या परवानगीवाचून पोलिसावर कारवाई होत नाही, आणि श्रीमंतांचा कायदा वेगळा असल्याचे पोर्शे प्रकरणाने सिद्ध केले. यामागचा संताप मला कळतो, पण सांगितलेला कायदा बव्हंशी चुकीचा आहे.

पहिला मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये स्पष्ट केले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्यामुळे पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण यांच्यात ‘आमची हद्द नाही’ म्हणून तक्रारदाराला फिरवत ठेवण्याला कायद्याचा आधार नाही. याच कलमात एक पळवाटही आहे, ती संदेश लिहिणाऱ्याला माहीत नसावी. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून ‘चौकशी करून कळवतो’ असे उत्तर मिळाले, तर परवानगी कोणी व केव्हा दिली हे विचारावे. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून लिहिला गेला किंवा नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) हातात ठेवली गेली, तर तक्रार लेखी स्वरूपात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

चित्रणाबाबत थोडक्यात सांगता येते. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते अधिनियमाखालील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये म्हटले आहे. लोक ज्याला अजून ‘353’ म्हणतात, त्या आताच्या भारतीय न्याय संहितेतील कलम 132 साठी हल्ला किंवा बलप्रयोग लागतो. प्रश्न विचारणे किंवा अर्जाची पोच मागणे त्यात बसत नाही.

परवानगीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. गुन्हा नोंदवण्यासाठी ती लागत नाही. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची न्यायालयाने दखल घ्यावी यासाठी ती लागू शकते, आणि नव्या संहितेत सरकारने 120 दिवसांत निर्णय न दिल्यास ती मिळाल्याचे मानले जाते. खेरीज, पोलीस सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या प्रकाश सिंह निकालानंतर महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा करून पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी तेथे नेता येतात. किरकोळ उद्धटपणासाठी मात्र हा मार्ग नव्हे.

राहिले पोर्शे प्रकरण. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला, आणि तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून अल्पवयीन चालकाला जामीन मिळाला, तो बाल न्याय मंडळाकडून, पोलिसांकडून नव्हे. पोलिसांची कसूर वेगळी होती: नियंत्रण कक्षाला वेळेत न कळवल्याबद्दल येरवडा पोलीस ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, आणि ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ही कारवाई शहर पेटून उठल्यावर झाली, हे संदेश लिहिणाऱ्याच्या बाजूने मान्य करावे लागते. ज्याच्या मृत्यूची बातमीच होत नाही, त्याच्या वाट्याला ती आली असती का, ही शंका रास्त आहे. पण पुढे जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याच मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचे आदेश बेकायदा ठरवून त्याची सुटका केली, तेव्हा ज्यांनी ‘पैशाचा विजय’ म्हणून गळा काढला, त्यांनी त्याच कायद्याखाली एखाद्या झोपडपट्टीतील मुलाला तसेच डांबले असते तर काय म्हटले असते, हेही सांगावे.