लेकीला वेळेत ‘मोठी’ कशी कराल?

लेक सहा वर्षांची झाली आणि अजून चिखलात खेळते? मग पालक म्हणून तुम्ही भलतेच गाफील आहात. उठा, खरेदीला लागा.

सुरुवात हाफ पँटपासून करा. एकाच वयाच्या मुलाची आणि मुलीची पँट शेजारी शेजारी ठेवून बघा. मुलाची गुडघ्यापर्यंत येते, मुलीची निम्म्यातच संपते. खिसा दिसतो म्हणून बोट घालावं, तर नुसतीच शिवण! योग्यच आहे म्हणा. खिसा दिला तर कार्टी त्यात दगडगोटे भरणार, झाडावर चढणार. मग टी-शर्ट. मुलाच्या शर्टावर डायनासोर, मुलीच्या शर्टावर डोळा मारणारं एखादं वाक्य. तिला अजून वाचता येत नाही? हरकत नाही, वाचणारे वाचतील.

दुकानदारांवर उगाच संशय घेऊ नका. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रायमार्क या कपड्यांच्या दुकानसाखळीने ७ वर्षांच्या मुलींसाठी पॅड लावलेले बिकिनी टॉप विकायला ठेवले होते. बोंबाबोंब झाल्यावर माल काढून घेतला, माफी मागितली, नफासुद्धा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊ केला. किती हा समजूतदारपणा! आता डिझाइन ठरलं, कापड कापलं, पॅड शिवले, किंमत लावली, तोवर कुणालाच काही खटकलं नाही. पण एवढ्या गडबडीत कुठे लक्ष राहतं?

अभ्यासाची काळजी वाटते? १९९८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलामुलींना एकेकट्यानेच आरशासमोर स्विमसूट किंवा स्वेटर घालून बघायला सांगितलं आणि त्याच कपड्यांत गणितं सोडवायला दिली. खोलीत बघणारं कुणी नव्हतं, तरी स्विमसूटवाल्या मुलींचे गुण घसरले. मुलगे मात्र दोन्ही कपड्यांत सारखेच. असू दे, गणिताला शिकवणी लावता येते.

स्वीडनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला बंदी आहे. बिचारी पोरं! आपल्यात काय कमी आहे, हे त्यांना कळणार तरी कसं?

एवढं सगळं नीट पार पडलं, की चौदाव्या वर्षी लेक अगदी तसेच कपडे घालून दाराशी येईल. तेव्हा मात्र आवाज चढवून विचारा, “हे काय घालून निघालीस? लोक काय म्हणतील?” संस्कारांना हात तेव्हाच घालायचा असतो.