नॉर्मल की सिझर?

लेक झाली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच, दुसरा म्हणजे रंग कोणावर गेलाय. माझं उत्तर पाठ झालेलं, "सिझर, चौदा तास कळा दिल्या पण ठोके कमी व्हायला लागले म्हणून". हे 'म्हणून' मी का जोडायचे देव जाणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरची निघाली, म्हणजे पाचातलं एक, तरी आपण खुलासा देत बसतो जसं काही पेपरात कॉपी केली.

आणि त्या खुलाशाच्या पुढे कोणी जाऊच देत नाही. जरा बोलायला लागलं की "जाऊदे गं आता, बाळ-बाळंतीण सुखरूप ना, मग झालं". अरे काय झालं? टेबलवर माझे दात वाजत होते थंडीने आणि डॉक्टर कुणाच्यातरी फ्लॅटच्या पझेशनबद्दल गप्पा मारत होते. बाळ दोन सेकंद दाखवलं आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) नेलं. मला काहीच वाटलं नाही, ना रडू ना माया. हे सांगणार कुणाला, अळीवाचे लाडू घेऊन आलेल्या मामीला?

पाचवीला आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते ना. मला वाटलं एक कागद इकडे पण द्या.

शेवटी ऐकलं ते मालिशवाल्या मावशींनी. त्यांचा प्रश्नच वेगळा, "कळा कुठनं सुरू झाल्या, पाठीतनं का पोटातनं?" बास, मी जी सुटले ते पार फ्लॅटच्या पझेशनपर्यंत. मध्येच त्या म्हणाल्या, "माझा पयला पाळण्यात पण नाय आला". आणि तेल चोळत राहिल्या. मग शेगडीत ओवा टाकला, धुरी दिली, विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी मी परत पहिल्यापासून सांगितलं आणि त्यांनी परत ऐकलं.

बोलून सगळं बरं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. नंतर काउन्सेलरने एडिनबर्ग स्केलचे, म्हणजे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायच्या चाचणीचे, दहा प्रश्न भरून घेतले, त्यामुळेच डॉक्टरकडे गेले आणि गोळ्याही घेतल्या. शंका असेल तर ते जरूर करा. पण त्यात गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं तेवढंच विचारतात, त्या रात्रीचं नाही. ते कुणीतरी माणसानेच विचारायला लागतं. (आणि प्लीज, डोहाळजेवणाला जाऊन सातव्या महिन्यातल्या बाईला टाक्यांच्या कथा सांगणं म्हणजे मन मोकळं करणं नव्हे.)

बापांना तर तेवढंही कोणी विचारत नाही. परवा लेकीचा चौथा वाढदिवस झाला, रात्री नवरा भांडी घासत होता आणि मी सहज म्हटलं, तू होतास कुठे रे तेव्हा? चार वर्षं मनात धरून होते की हा नव्हताच. तर म्हणाला फॉर्मवर सही करताना हात असा कापत होता की सही माझी वाटेचना, सिस्टर म्हणाली चालेल, मग एनआयसीयूबाहेर चपला कुठे काढल्या तेच आठवेना म्हणून अनवाणीच मेडिकलमध्ये पळालो औषधं आणायला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हटलं, थांब, पहिल्यापासून सांग.

त्याने नळ बंद केला.