कोयता दिला कुणी?

परवा रात्री आमच्या वस्तीत अकरा रिक्षांच्या काचा फुटल्या. फोडणाऱ्या टोळक्यातला एक सोळा वर्षांचा. सातवीत असताना माझ्याकडे गणिताला यायचा. पाढे पाठ नसायचे म्हणून मागे बसायचा, पण जाताना सगळ्या चटया न सांगता गुंडाळून ठेवायचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लोक लिहितायत, ‘ही अवलाद जन्मतःच तशी.’ नाही हो. त्याचं शिकणं नववीत सुटलं. मग चौकातल्या भाईनं वडापाव दिला, फिरायला बाइक दिली, ‘कोणी नडलं तर माझं नाव घे’ म्हणाला. घरात कुणी विचारत नव्हतं, तिथं विचारलं. सहा महिन्यांत पोरगा एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या पोहोचवायला लागला, मग स्वतःही ओढायला लागला. कोयता सगळ्यात शेवटी आला.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात १९८८ पासून सुमारे १००० मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यातली जी टोळीत शिरली, ती मुलं त्याआधी इतरांपेक्षा फार वेगळी नव्हती. टोळीत असताना त्यांची मारामारी वाढली, बाहेर पडल्यावर उतरली. हे वाचलं तेव्हा मला चटया गुंडाळणारा तो दिसला.

२०२३च्या सुरुवातीला पुण्यात कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं. ठीक आहे. पण आमच्या पोरांनी कोयता दुकानातून घेतलाच नव्हता, भाईनं आणून दिला होता. आणि धिंड निघते ती पोरांची. तिचे रील होतात, आणि वस्तीतली लहान पोरं ते भक्तिभावानं बघतात. मला त्याची फार भीती वाटते.

बाल न्याय कायद्याचं कलम ८३ वाचा. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्यांना ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. अमली पदार्थांची ने-आण मुलांकडून करून घेतली तर कलम ७८ आहेच. आमच्या वस्तीतल्या एकाही प्रकरणात ही कलमं लागलेली मी पाहिली नाहीत.

सोमवारी त्याच्या आईसोबत मी बाल न्याय मंडळात जाणार आहे. भाईचं नाव सांगायला तो तयार आहे, पण सांगितल्यावर त्याला घरी राहता येणार नाही. शहराबाहेर त्याला काही महिने ठेवून घेईल असं कुणी ओळखीचं असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि मुलांची प्रकरणं चालवणारे वकीलही हवेत.