वावडिंगात औषध आहे, म्हणूनच ते वाटेल तसं पाजू नका

सातारा-सांगलीकडच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शाळेतली जंतांची गोळी केमिकल आहे, देऊ नका. रोज वावडिंगाचा काढा पाजा. झाडपाल्याने अपाय होत नाही. मलेरियाचं औषधही झाडातूनच आलंय.’

वावडिंग जंतांवर चालतं, हे कुणी हवेतून आणलेलं नाही. त्यात एम्बेलिन नावाचं द्रव्य आहे आणि जंतांवरच्या गुणासाठी त्याचा अभ्यास झालाय. पण एम्बेलिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. काढा उकळून गाळला की ते चोथ्यात राहतं. बरं, चूर्ण द्यावं म्हटलं, तर बाजारातलं वावडिंग खरं कशावरून? त्यात अटकी नावाच्या दुसऱ्याच झाडाची फळं मिसळतात. खरं वावडिंग मिरीसारखं गोल, तांबूस-काळपट, टोकाला बारीक चोच. कुटलेल्या पुडीत यातलं काय दिसणार?

अपाय होत नाही म्हणता? किरमाणी ओव्याच्या जातकुळीतल्या झाडांपासून १८३० मध्ये सॅन्टोनिन वेगळं केलं गेलं. जंतांवर ते शंभरावर वर्षं दिलं गेलं, पण घेणाऱ्याला सगळं पिवळं दिसायचं आणि मात्रा चुकली तर झटके यायचे. म्हणून ते मागे पडलं. तेही झाडातलंच होतं. एम्बेलिन दिलेल्या नर उंदरांच्या शुक्राणूंवर परिणाम दिसलाय. असं द्रव्य चूर्णातून वाढत्या मुलाला रोज, न मोजता द्यायचं? मला हे फार धोक्याचं वाटतं.

शाळेतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. ती जंताच्या पेशींतल्या नलिकांचा सांगाडा बिघडवते. मग जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर मळमळ, पोटदुखी होऊ शकते. बहुधा ती थोड्या वेळात थांबते.

मलेरियाचा दाखला तर मेसेजवरच उलटतो. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांच्या गटाला आर्टेमिसिया ॲन्युआ या झाडाच्या उकळलेल्या अर्काने भरवशाचा गुण येईना. कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला तेव्हा तो आला, आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती लागलं. २०१५ चं नोबेल त्याचंच. तरीही त्या झाडाचा चहा मलेरियावर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘गोळी घेऊनही पुन्हा जंत होतात’ ही तक्रार मात्र खरी आहे. अंडी नि अळ्या मातीत असतात, त्यामुळे रानात पायात चप्पल, जेवणाआधी साबणाने हात आणि शौचालयाचा वापर हवाच. गोळीच्या दिवशी मूल आजारी असेल तर तसं शिक्षकांना सांगा. नसेल तर ती चावून खाऊ द्या. लहानग्याला कुटून पाण्यातून द्या.